चेंडू हातात नसताना: सॉफ्टबॉलमधल्या अडवणुकीच्या नियमाचा आढावा

सॉफ्टबॉलच्या सामन्यात सर्वांत मोठा आवाज उठतो तो होम प्लेटजवळ. तिसऱ्या बेसवरून रनर सुटलेली असते, कॅचर प्लेटसमोर पाय रोवून उभी असते आणि आउटफील्डमधून फेकलेला चेंडू अजून हवेतच असतो. दोघी एकमेकींवर आदळतात, धूळ उडते आणि पंच काही बोलायच्या आत दोन्ही संघांचे क्रीडा शिक्षक मैदानात शिरतात. एक म्हणतात, ‘तिनं रस्ता अडवला.’ दुसरे म्हणतात, ‘ती चेंडू घ्यायला उभी होती, मग दुसरीकडं कुठं उभी राहणार?’

दुसऱ्या सरांचा मुद्दा मनचा नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनच्या नियमपुस्तकात तो २००४ पर्यंत छापलेला होता. चेंडू ज्याच्या हातात आहे त्या फील्डरला जसे संरक्षण होते, तसेच चेंडू हातात येण्याच्या बेतात असलेल्या फील्डरलाही होते. २००४ मध्ये हा दुसरा भाग काढून टाकला गेला. तेथील शालेय सॉफ्टबॉलनेही पुढे तीच वाट धरली. जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल महासंघाच्या आजच्या नियमातही प्रश्न एकच आहे, चेंडू फील्डरच्या ताब्यात आहे की नाही. ‘येतच होता’ हे उत्तर आता चालत नाही. पण खेळ शिकवणारी माणसे जे आपल्या सरांकडून शिकली तेच पुढे शिकवत राहतात, आणि काढून टाकलेला नियम पुस्तकाबाहेर अनेक वर्षे जिवंत राहतो. होम प्लेटवरचे बहुतेक वाद या जुन्या आणि नव्या नियमाच्या मधल्या फटीत अडकलेले असतात, असे माझे मत आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्याचा विचार करताना हे मत अधिकच पक्के होते. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. शालेय स्पर्धांत इथला विजेता संघ नागपूर विभागात जातो. तिथे नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली यांच्याशी गाठ पडते, मग राज्य, आणि त्यापुढे स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय स्पर्धा. सालेकसा, देवरीकडच्या आश्रमशाळांतून किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या विद्यालयातून येणारी मुले सॉफ्टबॉलकडे येतात ती आधी कबड्डी आणि क्रिकेट अंगात मुरवून. कबड्डीत समोरच्याला अंगाने थोपवणे हीच कला आहे. क्रिकेटमध्ये फील्डर स्टंपजवळ चेंडूची वाट पाहत उभा राहिला तर कुणी काही म्हणत नाही. या दोन्ही खेळांनी दिलेली सवय सॉफ्टबॉलमध्ये मात्र गुन्हा ठरू शकते. ती सवय जिल्हा पातळीवर खपून गेली, तर नागपूरच्या मैदानावर त्याच मुलीला पहिल्यांदा कळते की आपण अडवणूक करतो आहोत. तोवर धाव गेलेली असते.

आणि हे निर्णय क्षुल्लक नाहीत. शालेय स्पर्धांतल्या कामगिरीचा दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडागुणांशी संबंध आहे. शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्याचे निकष खेळ आणि स्पर्धेचा स्तर यांनुसार ठरतात. गावाकडच्या घरात या गोष्टींचा हिशेब होतो. सात डावांच्या सामन्यात शेवटच्या डावातला एक ‘सेफ’ किंवा एक ‘आउट’ कुणाची तरी पुढची पायरी ठरवून जातो.

आता मूळ नियमाकडे येऊ. अडवणूक, म्हणजे मैदानावर सगळे ज्याला ऑब्स्ट्रक्शन म्हणतात ती, तेव्हा होते जेव्हा एखादा फील्डर नियमाप्रमाणे धावणाऱ्या रनरची वाटचाल रोखतो किंवा मंदावतो, आणि त्या क्षणी चेंडू त्याच्या ताब्यात नसतो, शिवाय बॅटरने मारलेला चेंडू अडवण्याच्या कृतीतही तो नसतो. फील्डरला रनरच्या वाटेत राहण्याचा हक्क देणाऱ्या गोष्टी या दोनच. चेंडू हातात असेल, तर तो वाटेत उभा राहू शकतो. मारलेला चेंडू टिपायला निघालेला असेल, तर रनरनेच त्याला वळसा घालायचा. या दोन्ही नसतील तर ती जागा रनरची.

रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधावर समोरासमोर दोघे आले, तर डोक्यावर रोपांचा भारा असलेल्याला वाट मिळते आणि रिकाम्या हाताचा माणूस बांधीत उतरतो. त्यात वय, ओळख, घाई काही पाहिले जात नाही. सॉफ्टबॉलमध्ये तो भारा म्हणजे चेंडू.

या व्याख्येत दोन शब्द नाहीत, आणि जवळजवळ सगळा गोंधळ त्यांच्यापायी होतो. एक म्हणजे धक्का. अडवणुकीसाठी अंगाला अंग लागावे लागत नाही. पहिला बेस ओलांडून दुसऱ्याकडे वळणाऱ्या मुलीला फर्स्ट बेसवरची खेळाडू आतल्या कोपऱ्यावर उभी दिसली आणि तिने दोन पावले बाहेरून वळसा घेतला, तर ती अडवणूक आहे. ती थबकली, तिने गती कमी केली, तरीही अडवणूक आहे. दोन बेसमधले अंतर ६० फूट. चपळ मुलगी ते तीन सेकंदांच्या आसपास पार करते. त्यात दोन पावलांचा वळसा म्हणजे दुसऱ्या बेसवर टॅग होणे आणि न होणे यातला फरक. धडक टाळणारी समंजस मुलगी आउट व्हावी आणि बेदरकारपणे आदळणारी सेफ, असा नियम कुणालाच नको असेल. धक्का लागला नाही म्हणून हात खाली ठेवणारा पंच नकळत तेच घडवून आणतो.

दुसरा नसलेला शब्द म्हणजे हेतू. फील्डरला अडवायचे होते की नाही, हे पंचाने शोधायचे नसते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण सॉफ्टबॉलच्या थोरल्या भावंडाकडचे, बेसबॉलचे आहे. २६ ऑक्टोबर २०१३, सेंट लुईस, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, नववा डाव, बरोबरी ४-४. बॉस्टनच्या कॅचरने तिसऱ्या बेसकडे केलेली फेक भरकटली. ती धरायला झेपावलेला विल मिडलब्रुक्स जमिनीवर पालथा पडला आणि होमकडे निघालेला अ‍ॅलन क्रेग त्याच्यावर अडखळला. उठून धावताना क्रेग प्लेटवर टॅग झाला, पण तिसऱ्या बेसवरचे पंच जिम जॉइस यांनी अडवणूक आधीच दाखवली होती. धाव मान्य झाली आणि सामना ५-४ असा संपला. मिडलब्रुक्सने मुद्दाम काही केले नव्हते, असे म्हणणारे असंख्य निघाले. ते खरेही असेल, पण प्रश्न तो नव्हताच. चेंडू निघून गेला होता, फील्डर रनरच्या वाटेत होता, आणि रनरला त्याचा त्रास झाला. सॉफ्टबॉलच्या नियमाने पाहिले तरी निर्णय हाच आला असता.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या नजरेला हे पचत नाही, याचे कारण आहे. क्रिकेटमध्ये अडथळ्याचे प्रसिद्ध कलम फलंदाजाविरुद्ध आहे. १९८९ मध्ये अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध मोहिंदर अमरनाथ क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद दिला गेला, हे जुन्या रसिकांना आठवत असेल. क्षेत्ररक्षकाने फलंदाजाला अडवल्यास पाच धावांचा दंड आहे, पण तिथे ‘जाणूनबुजून’ ही अट आहे, म्हणून पंचाला मनात डोकावावे लागते. ४ एप्रिल २०२१ ला जोहान्सबर्गमध्ये फखर झमान १९३ वर धावबाद झाला. क्विंटन डी कॉकने दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवून त्याला फसवले की सहकाऱ्याला सूचना केली, यावर कित्येक दिवस चर्चा चालली. सॉफ्टबॉलने हा मार्ग घेतला नाही. मला तोच शहाणपणाचा वाटतो. चौदा वर्षांच्या कॅचरच्या मनात काय होते, हे ठरवायला कुणाही पंचाला सांगू नये. तिच्या हातमोज्यात चेंडू होता की नव्हता, एवढे त्याने पाहावे.

मात्र फील्डर नुसता बेसजवळ उभा आहे म्हणून अडवणूक होत नाही, हेही तितकेच ठामपणे सांगायला हवे. नवा नियम कळलेले उत्साही शिक्षक इथे उलट टोकाला जातात. रनर अजून वीस फूट दूर आहे, तिची गती आणि दिशा यांवर कॅचरच्या उभे राहण्याचा काही परिणाम झालेला नाही, आणि ती पोचण्याआधी चेंडू कॅचरच्या हातात आला, तर कॅचरने काहीच चुकीचे केलेले नाही. आता वाट तिची आहे आणि ती प्लेट झाकू शकते. म्हणून पंचाला एकाच वेळी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, चेंडू कधी ताब्यात आला आणि रनरच्या धावण्यात बदल कधी झाला. यातले आधी काय घडले त्यावर निर्णय फिरतो. खालच्या पातळीवरच्या सामन्यात पंचाची नजर चेंडूमागे जाते आणि रनरचे पाय निसटतात. नियमातली खरी अवघड जागा ही आहे.

अडवणूक दिसली की पंचाने काय करायचे? खेळ थांबवायचा नाही. डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताणायचा, मूठ मिटलेली, आणि ‘ऑब्स्ट्रक्शन’ असे ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे. चेंडू जिवंत राहतो. याला डिलेड डेड बॉल म्हणतात. रनर स्वतःच्या बळावर तिला मिळायला हवा होता तो बेस गाठून गेली, तर हात खाली येतो आणि काहीच द्यावे लागत नाही. ती त्याआधी टॅग झाली, तर त्या क्षणी दोन्ही हात वर करून ‘डेड बॉल’, आणि मग बेस बहाल करायचा. लगेच शिट्टी वाजवून खेळ तोडणारा पंच धावणाऱ्या संघाचेच नुकसान करतो, कारण कधी कधी चेंडू निसटतो आणि रनर पुढचा बेसही कमावते. ती संधी तिच्याकडून काढून घ्यायचा अधिकार कुणाला नाही.

किती बेस द्यायचे, हा पुढचा वादाचा मुद्दा. एक गैरसमज सर्वदूर आहे की अडवणूक म्हणजे एक बेस फुकट. बेसबॉलमध्ये ज्या रनरवर प्रत्यक्ष खेळी सुरू असताना अडवणूक होते, त्याला किमान एक बेस मिळतोच आणि खेळ तिथेच थांबतो. तिकडचे ऐकून इकडे हा समज आला असावा. सॉफ्टबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमात मोजमाप वेगळे आहे. अडवणूक झाली नसती तर रनर जिथे पोचली असती, पंचाच्या मते, तिथे तिला न्यायचे. तो बेस पुढचा असेल, दोन बेस पुढचा असेल, किंवा ती जिथून निघाली तोच असेल. त्या अडवणुकीची झळ बसलेल्या इतर रनरनाही त्याच मापाने न्याय द्यायचा. जोडीला एक भक्कम कवच आहे. ज्या दोन बेसच्या दरम्यान अडवणूक झाली, त्यांच्या दरम्यान त्या रनरला आउट देता येत नाही.

समजा, आमगावच्या संघातल्या बॅटरने डाव्या बाजूला फटका मारला आहे. पहिल्या बेसला पाय लावून ती दुसऱ्याकडे निघाली आणि तिथेच उभ्या असलेल्या फील्डरमुळे तिला वळसा पडला. ती दुसऱ्या बेसवर पाऊलभर अंतराने टॅग झाली. अडवणूक पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधली, टॅगही त्याच पट्ट्यातला, म्हणून ती आउट होऊच शकत नाही. वळसा नसता तर ती पोचली असती असे पंचाला वाटले, तर दुसरा बेस तिचा. नसतीच पोचली असे वाटले, तर ती पहिल्यावर परत जाईल. आता यात थोडा बदल करू. अडवणूक पहिल्या बेसला पाय लागण्याआधी झाली, आणि फटका इतका साधा होता की पहिल्या बेसपलीकडे काही मिळालेच नसते, तरीही ती धाडस करून दुसऱ्याकडे धावली आणि टॅग झाली. आता ती आउट आहे. मिळायला हवे होते तेवढे तिला मिळालेले होते, त्यापलीकडचा धोका तिने आपल्या जबाबदारीवर घेतला. हा फरक खेळाडूंना समजावून दिलेला नसतो, आणि मग ‘पंचाने हात दाखवला होता, तरी आउट कसे?’ असा आक्रोश होतो.

दोन बेसमध्ये सापडलेल्या रनरला पुढून-मागून हाकलण्याचा जो खेळ होतो, त्या रनडाउनमध्ये हे कवच सर्वांत उपयोगी पडते. चेंडू फेकून झाल्यावर फील्डर वाटेतून बाजूला होत नाही, रनर वळते आणि त्याच्यावर आपटते. शाळेच्या मैदानावर सर्वाधिक घडणारी आणि सर्वांत कमी वेळा दिली जाणारी अडवणूक हीच असावी.

कवचाला अपवादही आहेत. अडवणूक झालेल्या रनरने बेसला पाय लावायचा चुकवला, पुढच्या रनरला ओलांडले, किंवा स्वतः फील्डरच्या कामात हस्तक्षेप केला, तर ती आउट होऊ शकते. मुद्दाम धडक देण्याची मुभा तर कुणालाच नाही. चेंडू घेऊन टॅगसाठी थांबलेल्या फील्डरवर रनर उभ्याने जाणीवपूर्वक आदळली, तर ती आउट. प्रकार हिंसक असेल तर तिला सामन्यातून बाहेर काढता येते. समोरच्याने अडवणूक केली होती, हा त्या हिंसेला जबाब होत नाही.

‘बेतात असलेला’ फील्डर नियमातून का हटवला, याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो, कारण नव्या नियमाविरुद्धही प्रामाणिक तक्रार आहे. फेक जर वाकडी आली आणि चेंडू धरायला कॅचरला नेमके रनरच्या वाटेत सरकावे लागले, तर ती बिचारी दुसरे काय करणार? चेंडू सोडणार का? जुना नियम म्हणायचा, हा खेळाचाच भाग आहे. नवा म्हणतो, वाकडी फेक तुमच्या संघाची, तिची किंमत रनरने का मोजावी? मला नव्या नियमाची बाजू पटते, आणि त्यात सर्वांत मोठे कारण शरीराचे आहे. ‘बेतात’ म्हणजे नेमके किती अंतर, याला उत्तर नव्हते. चेंडू दहा फुटांवर की तीस फुटांवर? प्रत्येक पंचाचे माप वेगळे, म्हणून कॅचर आधीच येऊन वाट बंद करायची आणि रनरला आदळण्याशिवाय मार्ग उरायचा नाही. बेसबॉलने याची किंमत उघड्यावर मोजली. २५ मे २०११ ला सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी प्लेटवरच्या धडकेत पायाचे हाड मोडून आणि अस्थिबंध फाटून पूर्ण हंगामासाठी बाहेर गेला. २०१४ मध्ये मेजर लीगने प्लेटवरच्या धडकांसाठी स्वतंत्र नियम आणला, आणि २०२४ च्या हंगामात इतर बेसवर वाट अडवणाऱ्या फील्डरांवरही पंचांनी कडक नजर ठेवावी असे ठरवले. सॉफ्टबॉलने हे दहा वर्षे आधी केले होते, याचा या खेळाच्या चाहत्यांना अभिमान वाटायला हरकत नाही.

गोंदियात हा मुद्दा मातीशी जोडलेला आहे. पावसाळ्यात मैदान चिखलाचे, आणि दिवाळीनंतर तेच सुकून दगडासारखे घट्ट. घसरून बेस गाठणाऱ्या मुलीच्या मांडीची आणि कोपराची सालटी अशा जमिनीवर सहज निघतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पहिल्या बेसला जोडबेस असतो, पांढरा भाग फील्डरचा आणि बाहेरचा रंगीत भाग बॅटर-रनरचा, एकूण ३० इंच रुंद. धडक टाळण्याचा यापेक्षा सोपा उपाय या खेळात नाही. तरीही जिल्ह्याच्या सामन्यांत तो हमखास असेलच असे धरून चालता येत नाही. निधी तुटपुंजा असेल तर बाकी सामान नंतर घ्यावे, पण हा बेस आधी घ्यावा.

अशा जमिनीवर घसरताना अंग सोलून निघते, म्हणूनच खोट्या टॅगकडे मी सर्वांत कठोरपणे पाहतो. फील्डर रिकामा हातमोजा घेऊन गुडघ्यावर बसतो, जणू चेंडू आलाच, आणि रनर घाबरून विनाकारण घसरते. चेंडू कुठेतरी आउटफील्डमध्येच असतो. मुले याला हुशारी समजतात, कधी कधी बाकावरून टाळ्याही पडतात. नियमाने ही स्पष्ट अडवणूक आहे, तिथे पंच समज देऊ शकतात आणि प्रकार गंभीर असेल तर खेळाडूला बाहेरही काढू शकतात. क्रिकेटलाही हे उशिरा का होईना पटले. २०१७ च्या नव्या नियमसंहितेने खोटी फेक दंडनीय ठरवली आणि त्याच सप्टेंबरात ऑस्ट्रेलियातल्या एकदिवसीय स्पर्धेत मार्नस लाबुशेनच्या खोट्या फेकीपायी क्वीन्सलँडला पाच धावांचा दंड बसला. २ नोव्हेंबर २०२२ ला अ‍ॅडलेडच्या भारत-बांगलादेश सामन्यानंतर विराट कोहलीच्या अशाच कृतीबद्दल तक्रार झाली, ती मात्र मैदानावरच्या पंचांनी टिपलेली नव्हती. हे उदाहरण मुलांना सांगितले की खोटा टॅग काय असतो ते चटकन कळते.

नियमाची दुसरी बाजू, म्हणजे रनरने केलेला हस्तक्षेप, थोडक्यात घेतो, कारण ती तुलनेने सर्वांना ठाऊक आहे. मारलेला चेंडू टिपणाऱ्या फील्डरला रनरने अडवले तर चेंडू तत्काळ मृत, रनर आउट. इथे डावा हात ताणून वाट पाहणे नाही. घोळ होतो तो दोन फील्डर एकाच चेंडूकडे धावतात तेव्हा. संरक्षण एकालाच, आणि कोणाला ते पंच ठरवतो. दुसरा फील्डर वाटेत असेल तर अडवणूक त्याच्याकडून होते. चेंडू हातातून उडून दूर गेला की पहिल्या फील्डरचा हक्कही संपतो. अमेरिकी शालेय नियमात यासाठी एक पाऊल आणि लांबवलेला हात एवढे माप दिले आहे, ते पंचांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॅचरचा हातमोजा बॅटला लागला तर ती वेगळ्या प्रकारची अडवणूक. बॅटरला पहिला बेस मिळतो, किंवा तिच्या प्रशिक्षकाला झालेल्या खेळीचा निकाल स्वीकारता येतो. बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप पोचली आणि बाकी रनरही किमान एकेक बेस पुढे सरकल्या असतील, तर ती अडवणूक रद्दच समजली जाते.

तक्रार कशाची करता येते हे क्रीडा शिक्षकांनी नीट समजून घेतले, तर मैदानावरचा निम्मा आरडाओरडा थांबेल. अडवणूक झाली की नाही, रनर कुठवर पोचली असती, हे पंचाचे निर्णय आहेत आणि त्यांच्यावर प्रोटेस्ट चालत नाही. पण पंचाने अडवणूक मान्य केली आणि तरीही त्याच दोन बेसच्या मध्ये रनरला आउट दिले, किंवा ‘धक्का लागला नाही म्हणून अडवणूक नाही’ असे कारण दिले, तर ती नियमाची चूक आहे. तिच्यावर प्रोटेस्ट होऊ शकतो, पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी. म्हणून सरांनी आत जाताना ‘आउट कसं दिलं?’ असे विचारू नये. ‘तुम्ही नेमकं काय पाहिलंत आणि कोणता नियम लावलात?’ असे शांतपणे विचारावे. उत्तरातच पुढचा मार्ग असतो.

पंचांच्या बाजूने पाहिले तर अडचण माणसांची आहे. शालेय सामन्यांत पंच बहुधा दुसऱ्या शाळांचे क्रीडा शिक्षकच असतात, एक प्लेटमागे, एक बेसवर. चेंडू आउटफील्डमध्ये गेला की चार बेस, दोन-तीन रनर आणि चार डोळे. पहिल्या बेसवर वळसा पडतो तेव्हा बेसवरचा पंच झेलाकडे पाहत असतो. याला सामन्याआधीची बोलणी हाच उपाय. कुणी चेंडू पाहायचा, कुणी रनर पाहायचे, तिसऱ्या बेसकडे कोण सरकणार, हे फक्की मारून होईपर्यंत दोघांनी ठरवून घ्यावे. अडवणूक ज्याला दिसेल त्याने दाखवावी, ती दुसऱ्याच्या हद्दीत घडली म्हणून हात खिशात ठेवू नये. सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडिया १९६१ पासून आहे. एवढ्या वर्षांत हा खेळ महाराष्ट्राच्या शाळांत खोल रुजला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो परतही येतो आहे. तरी नियमाचे पुस्तक अजून इंग्रजीत आहे आणि देवरीच्या सरांपर्यंत ते फोटो काढलेल्या पानांच्या रूपाने पोचते. नागपूर विभागाने दरवर्षी हंगामाआधी एक दिवस फक्त अडवणूक आणि हस्तक्षेप यांसाठी पंचांना एकत्र बोलावले, मैदानावर प्रत्यक्ष धावून दाखवले, तर पुस्तकाच्या पन्नास प्रतींपेक्षा जास्त उपयोग होईल.

खेळाडूंसाठीचे काम त्याहून सोपे आहे, कारण ते फक्त पायांचे आहे. कॅचरने चेंडूची वाट पाहताना प्लेटच्या पुढे, मैदानाच्या आतल्या बाजूला उभे राहावे, डावा पाय तिसऱ्या बेसकडच्या रेषेच्या आत. येणाऱ्या रनरला प्लेटचा मागचा भाग दिसला पाहिजे. चेंडू हातमोज्यात पक्का बसला की मग वळून खाली बसावे आणि वाट बंद करावी, आता तो तिचा हक्क आहे. फर्स्ट बेसवरच्या खेळाडूने फटका आउटफील्डमध्ये गेल्याबरोबर बेस सोडून दोन-तीन पावले पिचरच्या दिशेने आत यावे. रनरने बेसला पाय लावला की नाही हे तिथूनही दिसते. शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेस यांनी चेंडूकडे पाहत रेषेवर रेंगाळू नये. रनडाउनमध्ये चेंडू फेकला की फेकणाऱ्या हाताच्या बाजूने लगेच बाहेर पडायचे, दर वेळी त्याच बाजूने, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या सहकाऱ्यालाही गोंधळ होत नाही. आणि रनरांना शिकवायचे ते हे की अडवले तरी थांबू नका, पंचाकडे पाहत हात वर करू नका, अंग वाचवून पूर्ण ताकदीने पुढचा बेस गाठा. मनगटाएवढी वाट मिळाली तरी त्यातून घसरा. तुम्ही कुठवर पोचला असता हे पंचाला ठरवायचे आहे, आणि ते तो तुमच्या धावण्यावरूनच ठरवणार आहे.